भिंतीकडे तोंड केलेला कॅमेरा

रत्नागिरीतल्या आमच्या केबल वाहिनीवर हेमा जोगळेकर मिक्सरवर बसायची. तीन-चार कॅमेऱ्यांची चित्रं त्या यंत्रात एकत्र येतात आणि त्यांतलं कुठलं घराघरांतल्या टीव्हीवर जायचं, ते मिक्सरवर बसणारा माणूस बटण दाबून ठरवतो. हेमाने हे काम लग्नांच्या शूटिंगमध्ये शिकून घेतलं होतं. वाहिनीचा मालक सलिल केळकर तिच्यापेक्षा लहान. इंजिनिअरिंग करून मुंबईत न रमलेला, हौशी, आणि नवीन यंत्र दिसलं की हुरळणारा. गावात टीव्हीची केबलही त्याचीच आणि इंटरनेटची वायरही त्याचीच.

२००८ च्या जानेवारीत नाट्यमहोत्सव आला तेव्हा सलिलने ठरवलं, यंदा सगळी नाटकं थेट दाखवायची. त्यासाठी त्याने दोन नवे कॅमेरे आणले. मोटरवर फिरणारे, छताला टांगता येणारे. त्यांच्यामागे माणूस उभा करायला नको. संगणकावर एक पान उघडायचं, त्यात बाणांची चित्रं असायची. डावा बाण दाबला की कॅमेरा डावीकडे वळायचा. कॅमेऱ्यांची वायर सलिलने गावच्या इंटरनेटच्या जाळ्यालाच जोडून टाकली. मुंबईच्या पुरवठादाराने तसंच सांगितलं होतं. काही बिघडलं तर तो तिथूनच बघणार होता. "पासवर्ड टाकू नका, मग मला आत येता येत नाही," असंही म्हणाला होता.

एक कॅमेरा त्यांनी प्रेक्षागृहात बाल्कनीच्या कठड्याखाली लावला. दुसरा सलिलला रंगपटात हवा होता.

"रंगपटात?" हेमाने विचारलं. "तिथे माणसं कपडे बदलतात, सलिल."

"अगो हेमाताई, पडदा उघडायच्या आधी दोनच मिनिटं दाखवायचं. तोंडाला रंग लावताहेत, कुणी संवाद घोकतंय. लोकांना आवडतं ते. बाकीच्या वेळी तू बटणच दाबू नको. तू दाबल्याशिवाय कुणाला दिसणार आहे?"

हे हेमाला पटलं. तिच्या बोटाखालून गेल्याशिवाय चित्र बाहेर जात नाही, हे तिने इतकी वर्षं पाहिलं होतं.

महोत्सव सुरू झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती नाट्यगृहात आली, मिक्सर चालू केला, तर रंगपटाच्या कॅमेऱ्याच्या जागी नुसता पांढरा चुना. आधी वाटलं कॅमेरा बिघडला. आत जाऊन बघते तर कॅमेरा ठणठणीत. कुणीतरी त्याचं तोंड भिंतीकडे केलेलं.

"धोंडू, हा कुणी फिरवलान?"

धोंडू वायरमन. नाट्यगृहातलं सगळं उंचावरचं काम त्याच्याकडे. तो शिडीवरूनच म्हणाला, "मी नाय हो ताई. मी कशाला त्याला हात लावू?"

हेमाने कॅमेरा सरळ केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा भिंत. तिला वाटलं, नाटकवाल्यांपैकी कुणाला संकोच वाटत असेल, म्हणून त्यांनीच फिरवला असेल. आतून तिलाही ते बरंच वाटलं.

त्याच संध्याकाळी दुसरी गोष्ट घडली. रंगमंचावर बापलेकाचं मोठं भांडण चाललं होतं. बाल्कनीतला कॅमेरा दोघांवर रोखलेला होता. अचानक तो आपणहून हलला. हळूच उजवीकडे सरकला आणि कोपऱ्यात चुलीपाशी बसलेल्या सुनेवर येऊन थांबला. त्या सुनेला नाटकात वाक्यच नव्हतं. ती भाकरी थापायचं विसरून ऐकत होती, हात परातीवर तसेच राहिले होते. हेमाचं बोट रंगमंचासमोरच्या जुन्या कॅमेऱ्याच्या बटणावर होतं. ते तिने दाबलं नाही. भांडणाचा आवाज आणि त्या सुनेचा चेहरा तसाच घराघरांत गेला.

नाटक संपायच्या आत ऑफिसात फोन सुरू झाले. नाट्यगृहात बसूनसुद्धा जे दिसलं नाही ते घरी दिसलं, असं लोक सांगत होते.

"हेमाताई, काय शॉट लावलास!" सलिल खुशीत म्हणाला.

"मी? मला वाटलं तू ऑफिसातून फिरवलास."

"मी तर जाहिराती लावत होतो."

सलिल विचारात पडला, पण त्याच्या मनात मोटरचा विचार होता. मोटर सैल झाली असेल, आपोआप सरकत असेल. हेमाला मात्र तो शॉट आठवत होता. सैल मोटर कोपऱ्यातल्या बाईला शोधून तिच्या चेहऱ्यावर नेमकी थांबत नाही. कुणीतरी बघून कॅमेरा वळवला होता. आणि ज्याला वळवता येतं त्याला दिसतंही. मग रंगपटातलंही त्याला दिसतंय. आपण बटण दाबो किंवा न दाबो.

दुसऱ्या दिवशी अंजनवेलच्या महिलांचं नाटक होतं. त्या नाटकाची दिग्दर्शिका भार्गवी शाळेत शिकवणारी, पस्तिशीची, उंच, खणखणीत आवाजाची. तिच्या बायका रंगपटात शिरायच्या आत हेमा तिथे गेली, स्टुलावर चढली आणि कॅमेऱ्याच्या दोन्ही वायरी उपटून काढल्या.

सलिल मागोमाग आला. "अगो, नाटकाला अजून तास आहे. आता कशाला काढतेस? नंतर बघू ना."

"नंतर नाही. आणि मी त्यांना सांगणार आहे."

"काय सांगणार? अजून आपल्यालाच माहीत नाही."

"जेवढं माहीत आहे तेवढं."

तिने भार्गवीला बाहेर पायरीवर बोलावलं आणि सरळ सांगितलं. या कॅमेऱ्यातून बाहेरच्या कुणालातरी दिसत असावं. कोण ते कळलेलं नाही. आता कॅमेरा बंद आहे. तुमच्या आधी तीन दिवस चालू होता.

भार्गवीचा चेहरा उतरला, मग कठोर झाला. "आमच्या बायका घरच्यांशी भांडून नाटकात येतात. काहींचे नवरे नकोच म्हणतात. तुम्हाला हा कॅमेरा इथे लावताना आम्हाला विचारावंसं वाटलं नाही?"

"वाटायला हवं होतं," हेमा म्हणाली.

"उद्या कुणी काही बोललं, तर तुम्ही पुढे येऊन सांगाल का, की यात आमचा काही दोष नव्हता?"

"सांगीन. टीव्हीवर सांगीन."

भार्गवी आत गेली. आतून बायकांचा गलका ऐकू आला, मग शांतता, मग कुणीतरी हसलं. अंजनवेलचं नाटक झालं आणि चांगलं झालं.

ते चालू असतानाच नियंत्रणाच्या खोलीतला फोन वाजला. सलिल बाहेर होता, म्हणून हेमानेच उचलला. पलीकडून वयस्कर बाईचा, पण स्पष्ट, शब्द तोडून बोलणारा आवाज आला.

"रंगपटातला कॅमेरा आज दिसत नाही. काढलात का?"

"कोण बोलतंय?"

"काढलात ना? बरं झालं. मी दोनदा फोन केला होता तुमच्या ऑफिसात. एका मुलाने मला सांगितलंन, आजी, टीव्ही बंद करा आणि झोपा. मग काय करणार? मी रोज त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवत होते."

"तुम्ही? कुठून?"

"माझ्या पलंगावरून. मी दमयंती सोहोनी. झाडगावात राहते. उद्या सकाळी या, सगळं सांगते. आता नाटक बघू दे."

आणि फोन ठेवून दिला.

शनिवार होता, म्हणून हेमाची मैत्रीण श्रुती मोहिते सावर्ड्याहून घरी आली होती. ती तिथल्या एका कॉलेजात संगणक शिकवायची. हेमाने तिला सगळं सांगितलं तेव्हा श्रुतीने आपल्या घरच्या संगणकावर कॅमेऱ्याचा पत्ता टाकला. श्रुतीच्या घरीही सलिलचंच इंटरनेट होतं. पान उघडलं. नाव नाही, पासवर्ड नाही, काही विचारलंच नाही. रिकाम्या नाट्यगृहाच्या खुर्च्या दिसल्या आणि खाली बाण. श्रुतीने डावा बाण दाबला. खुर्च्या सरकल्या.

"गावात ज्याच्या ज्याच्या घरी तुमची वायर आहे, त्या प्रत्येकाला हे उघडता येतं," श्रुती म्हणाली. "फक्त पत्ता ठाऊक हवा."

"पत्ता कुणाला ठाऊक असणार?"

ते दमयंतीबाईंनी सांगितलं. रविवारी सकाळी दोघी झाडगावात गेल्या. आवारात आंब्याला मोहोर आला होता आणि वास दारापर्यंत येत होता. दमयंतीबाईंची देखभाल करणाऱ्या काशीने दार उघडलं. बाई खिडकीजवळच्या पलंगावर टेकून बसल्या होत्या. केस पांढरे, नीट विंचरलेले. दिवाळीच्या सुमारास अंगणात घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि तेव्हापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. पुण्याच्या मुलाने, गंधारने, बोलता यावं म्हणून पलंगाला लागून संगणक बसवून दिला होता. शेजारीच टीव्ही.

"पहिल्या दिवशी नाटकाच्या मध्येच टीव्हीवर काहीतरी भलतंच दिसलं," बाई म्हणाल्या. "बाणांची चित्रं आणि वरती आकडे. कुणीतरी चुकून दाखवलंन. बराच वेळ तसंच होतं."

हेमाला आठवलं. सलिल कॅमेरा सरळ करत होता आणि त्याच्या संगणकाचं चित्र चुकून बाहेर गेलं होतं. मध्यंतराच्या आधी. तिने ते लगेच कापलं होतं, पण तिच्या 'लगेच'मध्ये गावाने पुरेसं पाहिलं होतं.

"मी एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते," बाई पुढे म्हणाल्या. "आकडे दिसले की फिरवून बघायची खोड. टाकले, तर रंगमंच दिसला. शेवटचा आकडा एकाने बदलला, तर रंगपट दिसला. एक मुलगी पाठमोरी पोलक्याच्या गुंड्या लावत होती." त्या थांबल्या. "मी लगेच कॅमेरा भिंतीकडे वळवला. मग फोन केला. एक्स्चेंजमध्ये आमच्या कानावर काय काय पडायचं. लग्नं मोडायची, माणसं रडायची. ऐकू आलं तरी ऐकलं नाही असं वागायचं आणि लाईन उघडी राहिली असेल तर कळवायचं, एवढंच आम्ही शिकलो. पण तुमच्याकडे कुणी ऐकूनच घेईना."

"आणि रंगमंचावरचा कॅमेरा?" हेमाने विचारलं. तिच्या आवाजात आभार होते तसा रागही होता. "तोही तुम्हीच फिरवलात. थेट प्रक्षेपण चालू असताना. काही चुकलं असतं तर?"

दमयंतीबाईंनी पांघरुणाची घडी नीट केली. "ते मात्र मी माझ्यासाठी केलं. त्याची माफी मागते. सगळा वेळ तुमचा कॅमेरा जो बोलतोय त्याच्याच तोंडावर. ती सून कोपऱ्यात बसून काय करत असेल, हे बघायची मला इतकी इच्छा झाली, की हात गेला. तुम्ही तो शॉट कापाल असं वाटलं होतं. कापला नाहीत."

"नाही कापला," हेमा म्हणाली, आणि तिला हसू आलं. काशीने घावन आणले, बरोबर नारळाची चटणी. चौघींनी खाल्ले.

खाताना श्रुतीने विचारलं, "काकू, तुम्ही वळवल्यानंतर तो कधी आपोआप परत फिरला का? म्हणजे, आणखी कुणी आत होतं असं वाटलं?"

"तुमच्या माणसांनी सरळ केला तेवढाच. बाकी मला काही दिसलं नाही. पण मी रात्रंदिवस थोडीच बघत होते?"

परतताना श्रुती म्हणाली, "दुसरं कुणी नव्हतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते आता कुणालाच सांगता येणार नाही. असंच भार्गवीला सांग. खोटा दिलासा नको."

दुपारी सलिलने पुरवठादाराला फोन लावला. पुरवठादार म्हणाला, सगळीकडे असंच चालतं, आजवर कुणाची तक्रार नाही. हेमाने सलिलच्या हातातून फोन घेतला. "तुमच्या घरात बायका कपडे बदलतात त्या खोलीत असा कॅमेरा लावा आणि पासवर्ड टाकू नका. मग आपण बोलू," असं म्हणून तिने फोन बंद केला. सलिल भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा पडला होता.

"तो मुलगा मीच," तो म्हणाला. "आजी, टीव्ही बंद करा, असं सांगणारा. मला वाटलं, म्हातारी काहीतरी बरळतेय."

"मग आता जाऊन तिला सांग."

श्रुतीने बाकीचा दिवस नाट्यगृहात काढला. कॅमेऱ्यांची वायर तिने गावच्या जाळ्यातून तोडली आणि नाट्यगृहापुरतीच एक वेगळी, छोटी जोडणी केली. तिला बाहेरून वाटच नव्हती. पासवर्डही टाकले. मिक्सर, पाट्या टाकायचं यंत्र, सगळं तपासलं. पाट्यांचं यंत्रही तसंच सताड उघडं होतं. कुणीही घरबसल्या टीव्हीवर वाटेल ते लिहू शकला असता. रंगपटातला कॅमेरा धोंडूने खाली उतरवला, खोक्यात घालून ऑफिसात नेला.

संध्याकाळचं नाटक सुरू होण्यापूर्वी सलिल स्वतः कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. त्याने काय चुकलं ते सोप्या शब्दांत सांगितलं. रंगपटात कॅमेरा लावणं ही वाहिनीची चूक, तो उघडा ठेवणं ही दुसरी चूक, आणि यात कुठल्याही कलाकाराचा दोष नाही. बोलताना त्याच्या कपाळावर घाम आला होता. हेमाने चित्र कापलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आणि सलिल अंजनवेलला गेली, सगळ्या बायकांना भेटली. एक-दोघी रागावल्या, एकीचा नवरा बराच बोलला. सलिलने ऐकून घेतलं. निघताना भार्गवी फाटकापर्यंत आली.

"टीव्हीवर सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी आम्ही येणार. पण आधी मी रंगपटात जाऊन छत बघणार."

"मी शिडी धरीन," सलिल म्हणाला. भार्गवी पहिल्यांदा हसली.

राहिल्या दमयंतीबाई. सलिल माफी मागायला गेला, तेव्हा त्यांनी त्याला माफ केलं आणि लगेच तक्रार केली. आता ते पान उघडत नाही. पुन्हा आपली सगळी नाटकं बोलणाऱ्याच्याच तोंडावर. सलिलने येऊन हेमाला सांगितलं. हेमाने श्रुतीला फोन केला. एक वाट त्यांच्यापुरती ठेवता येईल का?

"येईल," श्रुती म्हणाली. "पण एक वाट ठेवली की ती सांभाळत बसावी लागते. बाईंनाच नाट्यगृहात आणता येणार नाही का?"

हे कुणाला सुचलंच नव्हतं. गंधारने पुण्याहून फोनवर काळजी केली, डॉक्टर म्हणाले, आणा, उलट बरं. महोत्सवाचं शेवटचं नाटक दुपारी चारला होतं. धोंडू आणि त्याच्या ओळखीचा रिक्षावाला झाडगावात गेले. बाईंनी नारळी काठाची साडी नेसली होती आणि काशीला दोनदा विचारलं होतं, केस बरे दिसताहेत ना. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून उचललं. त्या डोळे मिटून खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या होत्या. वर पोचल्यावर उघडले.

नियंत्रणाच्या खोलीत हेमाच्या शेजारी त्यांची खुर्ची ठेवली, पुढे संगणक आणि बाणांचं पान. हेमाने समजावलं. "मी दोन नंबर म्हटलं की तुमचं चित्र बाहेर आहे. तेव्हा हलवायचा नाही, किंवा हलवायचा तर हळू. मी एक नंबर म्हटलं की जुन्या कॅमेऱ्याचं चित्र बाहेर आहे, तेव्हा हवा तिथे न्या."

"कळलं. लाईन चालू असताना खटका मारायचा नाही."

नाटक एका म्हाताऱ्या होडीवाल्याचं होतं. पहिला अंक बाई बिचकतच होत्या. एकदा कॅमेरा भलतीकडे गेला आणि छताचे दिवे दिसले. "माफ करा गो," त्या पुटपुटल्या. "चालेल, एक नंबरवर आहे," हेमा म्हणाली. दुसऱ्या अंकात होडीवाल्याचा मुलगा मुंबईला जायचं सांगत होता. बाईंनी कॅमेरा मुलावरून काढला. होडीवाल्याच्या चेहऱ्यावर नेला नाही, त्याच्या हातातल्या दोरावर नेला. तो गाठ मारत होता, सोडत होता, पुन्हा मारत होता.

"दोन नंबर," हेमा म्हणाली आणि बटण दाबलं.

बाईंचा हात माऊसवर स्थिर होता. मुलगा बोलतच राहिला. गाठ सुटली, पुन्हा बसली. हेमाने त्या चित्रावर नेहमीपेक्षा जास्त वेळ काढला, आणि तिला एक नंबरकडे जावंसं वाटलं नाही.

नाटक संपलं तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. धोंडू आणि रिक्षावाल्याने खुर्ची खाली आणली. बाई दमल्या होत्या, पण घरी जायची घाई दिसत नव्हती.

"मांडवीवरून ने रे," त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या. "दिवाळीपासून समुद्र बघितला नाही."

हेमा आणि काशी त्यांच्या दोन बाजूंना बसल्या. धोंडू पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी टेकला. मांडवीला रिक्षा थांबली. भरती होती, माणसं फिरत होती, एक जण भेळ विकत होता. बाईंनी उतरायला नको म्हटलं. रिक्षातूनच बघत राहिल्या.

"तिखट कमी घालायला सांग," त्यांनी काशीला सांगितलं, "आणि सगळ्यांना घे."